सातवं पान

शनिवार, ५ मार्च

टेरिल मॅब्रीच्या अंत्यविधीत वाटायची पत्रिका आज हातावेगळी केली. या वर्षातली पाचवी, आणि अजून दारातलं बर्फसुद्धा वितळलेलं नाही. पहिल्या पानावर फोटो, खाली उदय आणि अस्त अशा दोन तारखा, मध्ये जेमतेम एकोणीस वर्षं. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं मी मुलांची हजेरी टाइप केली. आता निवृत्त होऊन त्याच मुलांच्या अंत्यविधीच्या पत्रिका टाइप करते. काम तेच, फक्त हजर कुणी नसतं.

सातव्या पानावर खांदेकरी असतात. वर शवपेटी उचलणारे सहा जण, खाली मानाचे खांदेकरी, म्हणजे उचलणार नाहीत पण गेलेल्याच्या जिवाभावाचे होते ते. कुणाकुणाकडे पाच-सहा मानाची नावं घालतात. आमच्या चर्चमध्ये सगळ्यांची घालायची पद्धत मी पाडली. माझ्या वेन्डेलच्या वेळी, नव्याण्णव साली, मी सहाच नावं छापली होती, सगळी घरातली. त्याचे मित्र बाहेर बर्फात उभे राहिले. आत या असं मी म्हटलं नाही. मला वाटत होतं, यांच्या नादानेच माझ्या पोराला गोळी लागली. तसं काही नव्हतं हे नंतर कळलं, पण तोवर त्याला पुरून झालं होतं.

टेरिलच्या आईने, मॅब्रीबाईने, घरची नावं आधीच सांगितली होती; दुपारी कॉर्डेल पेटवे बाकीच्या नावांची चिठ्ठी घेऊन आला. वस्तीत कुठे गोळी सुटली की दुसरी सुटायच्या आत मध्ये जाऊन उभं राहायचं, हे त्याचं काम. स्वतः कुणावर तरी गोळी झाडून चौदा वर्षं तुरुंगात काढून आला आणि आता शांतता शिकवतो. माझ्या पचनी पडत नाही ते. वेन्डेलचा मित्र होता. वेन्डेल गेला त्याच वर्षी उन्हाळ्यात तो आत गेला. का झाडली गोळी, ते मी कधी विचारलं नाही.

"यातले चौघं टिल्डन गल्लीतले आहेत," मी म्हटलं. "टेरिलला मारलं ते त्यांच्याच बाजूने."

"मारणारा आत आहे, मिस व्हर्निस. हे चौघं पाचवीपर्यंत टेरिलबरोबरच शाळेत यायचे. उशीर झाला की तुम्हीच त्यांना चिठ्ठ्या द्यायचा."

"म्हणून?"

"म्हणून छापा. सातव्या पानावर ज्यांची नावं एकत्र आली, त्यांनी एकमेकांवर हात उचलायचा नाही. टेरिलच्या डनबार रस्त्याच्या पोरांनी शब्द दिलाय, टिल्डनच्या पोरांनीही दिलाय."

"कागदावर नाव आलं म्हणून गोळी थांबते होय रे?"

"कोर्टाच्या कागदाने नाही थांबत. तुमच्या कागदाने थांबेल. तुमचा कागद त्यांच्या आया बायबलात ठेवतात."

बोलतो गोड. चौघांची नावं घातली.

शनिवार, १२ मार्च

काही झालं नाही. टेरिलचा अंत्यविधी पार पडला आणि कुणी कुणावर हात उचलला नाही.

टिल्डनची चार पोरं मागच्या दाराने आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांतला ओरिन ड्युप्री सतरा वर्षांचा, नुसता काटक्यांचा. त्याने पत्रिका उघडली, सातवं पान काढलं, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि बोट तसंच ठेवून सगळं प्रवचन ऐकलं. नंतर चर्चच्या तळघरातल्या जेवणात त्याने कोंबडीचे तीन तुकडे घेतले. मी वाढत होते. म्हटलं, "घरी खायला घालत नाहीत का तुला?" तर म्हणाला, "घालतात की. पण आई तुमच्यासारखं मीठ टाकत नाही." माझ्या जेवणाला कुणी नावं ठेवली की मला राग येतो, पण हे कौतुक होतं की टोमणा ते अजून कळलेलं नाही. चौथा तुकडा मीच वाढला.

गुरुवार, ७ एप्रिल

वाचनालयात महापालिकेची सभा झाली. शहराने नवीन शांतता कार्यालय काढलं आहे. कार्यालयाची बाई गोरी, तरुण, फार नम्र; नाव लॉरेल हॅवरस्टॉक. सुरुवातीलाच म्हणाली, आज फक्त बंदुकांविषयी बोलू, पोलिसांविषयीच्या तक्रारी वेगळ्या दिवशी घेऊ.

कॉर्डेल उठला. मला वाटलंच होतं उठणार.

"बाई, हे दोन विषय नाहीत," तो म्हणाला. "मागच्या वर्षी आमच्याकडे बावीस खून झाले. त्यातल्या चौदांचा तपासच लागला नाही. तुमच्याकडे नदीपलीकडे एक झाला, तर हेलिकॉप्टर आलं. इथल्या पोराचा भाऊ मारला गेला तर त्याने जायचं कुणाकडे? पोलीस मारणाऱ्याला शोधत नाहीत, उलट यालाच भिंतीला लावून खिसे तपासतात. मग तो स्वतःच न्याय करायला निघतो. मी एकवीस वर्षांचा होतो. बर्फात एका चर्चच्या दारात उभा होतो, आत कुणी घेतलं नाही, आणि पोलीस तर तिकडे फिरकलेच नाहीत. चार महिने वाट पाहिली. मग निघालो."

कुठलं चर्च ते त्याने सांगितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी लिहून घेतलं.

मला मात्र वाटलं, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी इतकं खडसावायचं कारण नव्हतं. मी उठून सातव्या पानाविषयी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं ऐकलं. सभा संपल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "मिस टॉलिव्हर, तुमच्याकडे या वस्तीचा इतिहास आहे." एकतीस वर्षांत हेडमास्तरांनी मला कधी एवढं म्हटलं नव्हतं.

मंगळवार, १९ एप्रिल

हॅवरस्टॉकबाई घरी आल्या. मी लोणी घालून केक केला होता, त्यांनी दोनदा घेतला. वेन्डेलच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. खोटं वाटलं नाही.

नऊ वर्षांच्या त्रेसष्ट पत्रिका माझ्याकडे एका खोक्यात तारखेवार लावलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, सर्वांत जास्त मित्र कुणी गमावले ते कळलं तर नोकऱ्या आणि समुपदेशन त्यांना आधी देता येईल. कुणाची नावं पुन्हा पुन्हा येतात? मला हे फार शहाणपणाचं वाटलं. दुःख मोजायचं तर असंच मोजायला हवं. लाल पेन्सिलीने खुणा करून देते म्हटलं. टोपणनावंही लिहाल का, असं त्यांनी विचारलं, म्हणजे गोंधळ होणार नाही. मी म्हटलं, गोंधळ माझ्या कामात होतच नाही.

गुरुवार, २१ एप्रिल

कॉर्डेलला खोक्याविषयी कुठून तरी कळलं. फोन आला.

"मिस व्हर्निस, त्यांना केक द्या, कॉफी द्या. कागद देऊ नका."

"का?"

"ते कार्यालय कुठल्या इमारतीत आहे बघितलंत का? खालच्या दोन मजल्यांवर वर्दीतली कोण माणसं बसतात?"

"इमारत काय कुणाची जहागीर आहे? तुझ्या नोकरीवर गदा येईल अशी भीती वाटते का तुला?"

मग म्हणाला, "तुमची मर्जी. शाळेतही तुमच्यापुढे कुणाचं चालायचं नाही."

हा माझ्यावर जळतो, दुसरं काय. इतकी वर्षं वस्तीत शांतता म्हटलं की कॉर्डेल, कॉर्डेल. आता कुणी एका म्हातारीला विचारलं तर याच्या पोटात दुखतं.

सोमवार, २ मे

खोकं देऊन आले. खुणा पूर्ण करायला दहा दिवस लागले. सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव कॉर्डेलचंच निघालं, अकरा पत्रिकांत. लाल खूण करताना मनात आलं, बघ, माझ्यावर ओरडतोस आणि मदत मिळणाऱ्यांत पहिला नंबर मीच तुझा लावतेय.

पोचपावती मागून घेतली. सही, तारीख, शिक्का. मी कुणाला फुकट विश्वास देत नाही.

रविवार, १९ जून

गुलामगिरी संपल्याचा सण. डनबार रस्ता दोन्ही बाजूंनी बंद करून टेबलं मांडली होती. लाल सरबत, भाजलेल्या फासळ्या, म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव. सात आठवडे झाले, एकही पत्रिका टाइप केलेली नाही. टाइप करायला काही नाही म्हणून मी टोमॅटो लावले, तर त्यांनाही फळ धरलं.

टिल्डनची पोरं डनबारच्या पोरांशी बास्केटबॉल खेळत होती. शिव्या देत होती, पण खेळत होती. ओरिन माझ्याकडे येऊन म्हणाला, "मिस व्हर्निस, तुमचा धंदा बसला की." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

कॉर्डेल कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला होता. मी त्याला ताट नेऊन दिलं. म्हटलं, "मानलं तुझ्या सातव्या पानाला." तो म्हणाला, "तुमच्या." दोघांचं मिळून एवढंच बोलणं झालं, पण बरं वाटलं.

गुरुवार, १४ जुलै

पहाटे पोलिसांनी डनबार रस्ता आणि टिल्डन गल्ली दोन्हीकडची दारं फोडली. तेवीस जण नेले. मॅब्रीबाईचा धाकटा मुलगा अंथरुणातून नेला, पायात चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत. कॉर्डेललाही नेलं. टीव्हीवर सांगितलं, मोठी टोळी पकडली. त्याचा फोटो मधोमध, बाकीच्यांपेक्षा मोठा.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा माझ्या मनात आलं, काहीतरी असेल. उगाच कोण कशाला इतकी दारं फोडेल? माणूस चौदा वर्षं आत राहून आलाय, सवय कुठे जाते. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं मनात.

हॅवरस्टॉकबाईंना फोन केला. दुसरंच कुणीतरी बोललं, बाई आता या खात्यात नाहीत.

बुधवार, २७ जुलै

जामिनाची सुनावणी. मी मागच्या बाकावर बसले होते, डोक्यावर चर्चची हॅट, हातात पर्स. कॉर्डेलसाठी कुणीतरी चांगल्या घरचं दिसावं म्हणून.

सरकारी वकिलाने पडद्यावर पहिला पुरावा दाखवला. सातवं पान. टेरिलच्या पत्रिकेचं.

मी ते अक्षर ओळखलं. खाली शोभेची फुलांची वेल मीच घातली होती. शेजारी माझ्या लाल पेन्सिलीच्या खुणा आणि माझ्या हस्ताक्षरात टोपणनावं. वकील म्हणाला, ही टोळीच्या सदस्यांची यादी आहे, त्यांनी स्वतः छापलेली. डनबार आणि टिल्डन ही एकमेकांची वैरी नसून एकच टोळी आहे, याचा हा लेखी पुरावा. आणि अकरा वेळा ज्याचं नाव आहे तो म्होरक्या.

आमच्या वकिलीणबाई तरुण आहेत, पण उठून नीट बोलल्या. त्यांनी विचारलं, गेल्या वर्षी नदीपलीकडे दारू पिऊन गाडी ठोकून एक मुलगा गेला, त्याच्या पत्रिकेवर फुटबॉलच्या संघातली चाळीस नावं होती. ती कुठली टोळी? न्यायाधीश म्हणाले, मुद्द्यावर या.

कॉर्डेलने मागे वळून पाहिलं. मला वाटलं, तो मान हलवेल, डोळे वटारेल, काहीतरी करेल. त्याने फक्त माझी हॅट पाहिली आणि परत पुढे वळला.

जामीन नाकारला.

घरी येऊन पोचपावती शोधली. कपाटात होती, जिथे ठेवली होती तिथेच. सही, तारीख, शिक्का. तासभर ती पाहत बसले.

रविवार, ७ ऑगस्ट

चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी. आमच्यात तोंडावर बोलायची पद्धत नाही. फक्त मॅब्रीबाई बाहेर पायरीवर थांबल्या होत्या.

"व्हर्निस, माझा मोठा गेला तेव्हा तू माझ्याकडून नावं मागितलीस," त्या म्हणाल्या. "मी शवपेटीशेजारी बसून सांगितली. धाकट्याचं नाव पहिलं सांगितलं."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं, लोरेन."

"कॉर्डेलला माहीत होतं. त्याने सांगितलं होतं ना तुला?"

मी हो म्हटलं. अडुसष्टावं लागेल मला डिसेंबरात, आणि माफी कशी मागायची ते अजून शिकले नाही.

बुधवार, २४ ऑगस्ट

तुरुंगात कॉर्डेलला भेटले. मध्ये काच, कानाला फोन. केस पांढरे झालेत त्याचे, की मीच कधी नीट पाहिले नव्हते.

मी माफी मागायला लागले, त्याने थांबवलं. "त्याला वेळ नाही, मिस व्हर्निस. वीस मिनिटं आहेत. ऐका." मग, फोनवरचं कुणी ऐकत असेल म्हणून, तो खाली ठेवला आणि काचेला तोंड लावून, ओठ हलवून दोन नावं सांगितली. दोघंही बाहेर राहिलेले. एका मुलीवरून सुरू झालेलं आणि आता फोनवर रोज चढत चाललेलं भांडण. पुन्हा फोन उचलून म्हणाला, "मी असतो तर आजच दोघांना जेवायला घेऊन गेलो असतो. तुम्ही जा. दोघांनी कोंबडी खाल्लीय तुमच्या हातची."

"माझं ऐकतील?"

"एकवीस वर्षांचा होतो तेव्हा मी तुमचं ऐकलं असतं," तो म्हणाला. "नुसतं आत ये म्हटलं असतंत तरी."

वीस मिनिटं संपली. बसमध्ये बसून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आणि तेवीस वर्षांनी मला कळलं, त्याने कुणावर आणि कशासाठी गोळी झाडली होती.

दोन नावं मी या वहीतही लिहिणार नाही.

गुरुवार, २५ ऑगस्ट

दोन्ही घरी गेले. पहिल्या घरी पडदा हलला, दार उघडलं नाही. दुसऱ्या घरी मुलाची आई साखळी न काढता फटीतून बोलली.

"हातात काय आहे?"

"ताट आहे. कोंबडी केलीय. तो आहे का घरात? दोन मिनिटं बोलायचंय."

"कागद कुठाय?"

"कागद नाही आणला, शार्लीन."

"पेन?"

पर्समध्ये पेन होतं. एकतीस वर्षांची सवय. तिने ते पाहिलं आणि दार लावून घेतलं. मी ताट पायरीवर ठेवून आले.

शुक्रवारी पुन्हा जाईन. शनिवारीही.

शनिवार, ३ सप्टेंबर

ओरिन ड्युप्री गेला. दुपारी चार वाजता, टिल्डन गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत. गोळी झाडणारा अठरा वर्षांचा. त्या दोन नावांतलं एक ओरिनचं होतं, दुसरं गोळी झाडणाऱ्याचं; ओरिनचं आता लिहायला हरकत नाही. दोघांचीही नावं मार्चात माझ्या पानावर शेजारी शेजारी होती. आता त्या पानाचा अर्थ कोर्टाने वेगळा लावला, मग पोरांनी तरी जुना शब्द का पाळावा?

मी नऊ वेळा गेले होते. दार एकदाही उघडलं नाही. शेवटी तीन ताटं तशीच पायरीवर होती.

मंगळवार, ६ सप्टेंबर

ओरिनची आई शार्लीन आली. मला वाटलं होतं, ती शहरातल्या छापखान्यात जाईल. दारातच उभी राहिली, मी बस म्हटलं तरी बसली नाही. फोटो दिला, दोन तारखा सांगितल्या. मी विचारलं, सातवं पान गाळून टाकू का?

"नको," ती म्हणाली. "ते छापा. त्यावर तुमचं एकटीचं नाव घाला. दुसऱ्या कुणाचंही नको."

"शार्लीन…"

"माझ्या पोराच्या खांदेकऱ्यांत कुणाचं नाव छापायचं हे मी ठरवणार ना? मग तुमचं. नीट छापा, तुमच्या कामात गोंधळ होत नाही म्हणतात."

टाइप केलं. मानाचे खांदेकरी, आणि खाली व्हर्निस टॉलिव्हर. एवढं पांढरं पान मी कधीच छापलं नव्हतं.

शनिवार, १० सप्टेंबर

शवपेटी भाड्याच्या माणसांनी उचलली, पांढरे हातमोजे घातलेल्या. एकालाही ओरिनचं नाव माहीत नव्हतं, एकाने दारात दुसऱ्याला विचारलं. त्याच्या वयाचं एकही पोर आत आलं नाही. रस्त्यापलीकडे, पेट्रोल पंपाच्या भिंतीशी, बारा-पंधरा जण उभे होते. ऊन होतं, बर्फ नव्हतं, एवढाच फरक. मी पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "आत या रे." एकाने कोपऱ्यावरच्या काळ्या काचांच्या गाडीकडे बोट दाखवलं. आत बसलेला माणूस काच जराशी खाली करून फोटो काढत होता.

मी दीडशे पत्रिका छापल्या होत्या. आमच्यात पत्रिका कुणी टाकत नाही, घरी नेऊन बायबलात ठेवतात. आज लोक निघून गेल्यावर मी बाकांवरून फिरले तेव्हा सगळ्या तिथेच होत्या, ओरिनचा चेहरा खाली करून ठेवलेल्या. कुणालाच तो कागद स्वतःजवळ नको होता. मी एकशे एकोणपन्नास गोळा केल्या. शार्लीनने एक नेली असावी.

आता ही वही समोर आहे. मार्चपासून मी यात कोण कुठे उभं होतं, कुणी कुणाला काय म्हटलं, सगळं तारखेवार लिहिलं आहे. इतकं व्यवस्थित की कुणालाही वाचता येईल. ही कुणाच्याही हाती द्यायची नाही, जवळही ठेवायची नाही. चूल पेटवली आहे.